केमिस्ट्रीचा होमवर्क अडला? नेहमी येणारे प्रश्न (नववी, दहावी आणि अकरावीची सुरुवात)

मी मिरजेत घरीच क्लास घेते, बहुतेक नववी-दहावीची मुलं आणि अकरावी सायन्सची थोडी. दर वर्षी व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न येतात, रात्री साडेदहाला वहीच्या पानाचा तिरका फोटो आणि खाली "मॅडम उत्तर येत नाहीये". शेवटी म्हटलं एकदाच सगळं टाइप करून ठेवावं आणि लिंक पाठवावी.

एक आधीच सांगते. टाइप करताना सूत्रातला खालचा आकडा खाली बसत नाही, म्हणून मी आपण बोलतो तसं लिहिलंय, एच२ओ, सीओ२ असं. वहीत मात्र रोमन अक्षरांतच लिहायचं आणि आकडा खालीच काढायचा, पेपर तपासणारे माझ्याएवढे प्रेमळ नसतात.

गणित वाचलं की डोकं ब्लँक होतं. सुरुवात कुठून करू?

डोक्यात सुरुवात करूच नको, कागदावर कर. पहिली ओळ: काय दिलंय. दुसरी ओळ: काय विचारलंय. तिसरी ओळ: संतुलित समीकरण, जर अभिक्रिया असेल तर. या तीन ओळी लिहिल्याशिवाय कॅल्क्युलेटरला हात लावायचा नाही.

आणि दिलेलं लिहिताना नुसतं "१०" लिहायचं नाही. १० काय? १० ग्रॅम. कशाचे? चुनखडीचे. "१० ग्रॅम चुनखडी" असं पूर्ण. माझ्याकडे येणाऱ्या दहा चुकलेल्या वह्यांपैकी सात-आठ वह्यांत केमिस्ट्री चुकलेली नसतेच, एकक लिहिलेलं नसतं आणि मग चौथ्या ओळीत ग्रॅमची आणि मोलची बेरीज होऊन बसते आणि पोराला पत्ताही लागत नाही. किराणा दुकानदार वहीत "५" लिहून ठेवतो का कधी? ५ किलो तांदूळ लिहितो. तेवढंच करायचंय.

अणू, रेणू, परमाणू... कोण कोणाचं काय?

हा घोळ तुमचा नाही, यूट्यूबचा आहे. मराठीत अणू म्हणजे ॲटम आणि रेणू म्हणजे मॉलिक्यूल. हिंदीत ॲटमला परमाणु म्हणतात आणि मॉलिक्यूलला अणु. म्हणजे एकच शब्द, दोन भाषांत दोन अर्थ! मुलं शाळेत मराठी पुस्तक वाचतात, घरी हिंदी व्हिडिओ बघतात, आणि मग "पाण्याच्या एका अणूत दोन हायड्रोजन" असं लिहून येतात. हिंदी व्हिडिओ बघायला माझी ना नाही, काही फार छान आहेत, फक्त तिथे अणु ऐकलं की मनात रेणू म्हणायचं.

सोडियमची संज्ञा एनए कशी? एसओ का नाही?

लॅटिन नावांमुळे. सोडियम नॅट्रियम, पोटॅशियम कॅलियम म्हणून नुसता के, लोखंड फेरम, शिसं प्लंबम, सोनं ऑरम. पाठच करावी लागतात, पण सगळी मिळून दहा-अकराच आहेत. चांदीचं अर्जेंटम मात्र आपल्या रजतचं लांबचं नातेवाईक आहे, भाषावाले दोन्ही एकाच मुळातून आलेत असं सांगतात, त्यामुळे ते लक्षात राहतं.

संयुजेवरून सूत्र कसं लिहायचं? तिरकं तिरकं करतात ते मला जमत नाही

जमतं. संयुजा म्हणजे अणूची दुसऱ्यांशी जोडण्याची क्षमता. ॲल्युमिनियमची संयुजा ३, ऑक्सिजनची २. ॲल्युमिनियमचा ३ ऑक्सिजनच्या पायाशी, ऑक्सिजनचा २ ॲल्युमिनियमच्या पायाशी. एएल२ओ३. झालं. यामागचं कारण असं की दोन ॲल्युमिनियम मिळून ६ देणार आणि तीन ऑक्सिजन मिळून ६ घेणार, देणंघेणं फिटलं पाहिजे.

आता तीन ठिकाणी पाय घसरतो. एक, दोन्हींची संयुजा सारखी असेल तर आकडे उडवायचे: मॅग्नेशियम २, ऑक्सिजन २, तर एमजीओ, एमजी२ओ२ नाही. दोन, मूलक (म्हणजे एकत्र राहणारा अणूंचा गट) असेल तर कंस. कॅल्शियम २, हायड्रॉक्साइड १, तर सीए(ओएच)२. कंस विसरलात तर तो २ फक्त हायड्रोजनला लागतो आणि एक ऑक्सिजन कमी पडतो, पुढे रेणुवस्तुमान (रेणूतल्या सगळ्या अणूंच्या वस्तुमानांची बेरीज) काढताना हीच चूक परत भेटते बघा. तीन, लोखंड आणि तांब्यासारखे धातू, ज्यांची संयुजा एक नसते. फेरस म्हणजे २, फेरिक म्हणजे ३. क्युप्रस १, क्युप्रिक २. "अस"वाला लहान, "इक"वाला मोठा, बस.

आणि हो, हायड्रोजन पेरॉक्साइड एच२ओ२ आहे, तिथे २-२ उडवून एचओ करायचं नाही. हा प्रश्न दर वर्षी एक तरी हुशार मुलगा विचारतो आणि बरोबरच विचारतो. पेरॉक्साइडमधे दोन ऑक्सिजन एकमेकांना धरून असतात, ती जोडी मिळून एकच गट म्हणून वावरते, त्यामुळे तो २ जोडीचा आहे, तिरक्या गुणाकारातून आलेला नाही.

समीकरण संतुलित करताना एक बाजू जुळली की दुसरी बिघडते. काय करू?

क्रम चुकतोय. साधा नियम: जो अणू एकाच ठिकाणी दिसतो त्याच्यापासून सुरुवात, आणि जो एकटाच सुटा आहे (ऑक्सिजन वायू, हायड्रोजन वायू) तो सगळ्यात शेवटी. सुटा असतो तो मोकळा असतो, त्याचा आकडा बदलला तर दुसऱ्या कोणाचं काही बिघडत नाही.

घरातलंच घेऊ. गॅसच्या सिलेंडरमधे मुख्यतः ब्युटेन आणि प्रोपेन असतं. ब्युटेन सी४एच१०. जळतं तेव्हा ऑक्सिजन घेतो, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी देतो.

सी४एच१० + ओ२ → सीओ२ + एच२ओ

कार्बन डावीकडे ४, म्हणून ४ सीओ२. हायड्रोजन १०, म्हणून ५ एच२ओ. आता उजवीकडचे ऑक्सिजन मोजा: ४ गुणिले २ म्हणजे ८, अधिक ५, एकूण १३. डावीकडे ओ२ जोडीने येतो, तर साडेसहा जोड्या लागणार. साडेसहा लिहायला घाबरू नका, लिहा, आणि मग अख्खं समीकरण दुप्पट करा:

२ सी४एच१० + १३ ओ२ → ८ सीओ२ + १० एच२ओ

तेरा हा आकडा बघून मुलं म्हणतात मॅडम चुकलं वाटतं. चुकलेलं नाही, मोजून बघा, दोन्हीकडे ऑक्सिजन २६.

सूत्रातला खालचा आकडा बदलला तर पटकन जुळतं. चालेल का?

नाही नाही नाही. पाण्यात एक ऑक्सिजन कमी पडतोय म्हणून एच२ओ चं एच२ओ२ केलंस तर ते पाणी राहिलं नाही, जखमेवर टाकल्यावर फेस येतो ते औषध झालं. पुढचा आकडा म्हणजे किती रेणू, खालचा आकडा म्हणजे पदार्थ कोणता. किती हे तुझ्या हातात आहे, कोणता हे नाही.

रेणुवस्तुमान दर वेळी थोडंसं चुकतं

कंस आणि टिंब, या दोनच जागा तपास.

कंस: विरवलेला चुना, सीए(ओएच)२. कॅल्शियम ४०, ऑक्सिजन १६, हायड्रोजन १. कंसातली बेरीज १७, दुप्पट ३४, अधिक ४०, उत्तर ७४. ज्यांचं ५८ येतं त्यांनी फक्त हायड्रोजन दुप्पट केलाय.

टिंब: मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट. सीयूएसओ४·५एच२ओ. हे मधलं टिंब गुणाकाराचं नाही! भूमितीची सवय असल्यामुळे मुलं गुणतात आणि चौदा हजारच्या घरात उत्तर येतं. टिंबाचा अर्थ "सोबत पाच पाणी". तांबं ६३.५, गंधक ३२, चार ऑक्सिजन ६४, झाले १५९.५, अधिक पाच वेळा १८ म्हणजे ९०, एकूण २४९.५. आमच्याकडे तासगाव भागातली मुलं येतात, घरी द्राक्षबाग, मोरचूद पोत्यात बघितलेलं, त्यांना मी लगेच पुढचं विचारते, किलोभर मोरचुदात तांबं किती? ६३.५ भागिले २४९.५, म्हणजे २५.४५ टक्के, पाव किलोच्या किंचित वर. आणि पाणी ३६ टक्के. हातात घेतलं तर कोरडं खडखडीत लागतं पण एक तृतीयांशाहून जास्त पाणी आहे त्यात. तापवलं की निळा रंग जातो आणि पांढरी पावडर राहते, ती या पाण्यामुळेच, पाणी गेलं की निळाई गेली.

मोल म्हणजे नक्की काय? व्याख्या पाठ आहे पण कळलं नाही

डझन कळतो ना? केळी डझनावर, कागद रिमवर, तसे रेणू मोलवर. डझन म्हणजे १२, मोल म्हणजे ६.०२२ × १०^२३. एवढा विचित्र आकडा का, तर पूर्वी १२ ग्रॅम कार्बन-१२ मधे जेवढे अणू तेवढे म्हणजे एक मोल अशी व्याख्या होती. २० मे २०१९ पासून आकडाच पक्का करून टाकला, ६.०२२१४०७६ × १०^२३, कार्बनचा आधार काढला. होमवर्कला याने काही फरक पडत नाही, पण जुन्या गाइडमधे एक आणि नव्या पुस्तकात दुसरी व्याख्या दिसली तर गोंधळू नका.

फायदा काय मोलचा? रेणू मोजता येत नाहीत, वजन करता येतं. बँकेत नाणी वजनावर मोजतात तसं. पाण्याचं रेणुवस्तुमान १८, तर १८ ग्रॅम पाणी तोललं की एक मोल मोजून झाला. साखरेचं ३४२. चहात ५ ग्रॅम साखर टाकली तर ५ भागिले ३४२, ०.०१४६ मोल, गुणिले अव्होगॅड्रो अंक (वरचाच ६.०२२ × १०^२३), ८.८ × १०^२१ रेणू.

"इतके ग्रॅम घेतले तर किती ग्रॅम मिळेल" या गणितात थेट त्रैराशिक का चालत नाही?

कारण समीकरणातले आकडे ग्रॅमचे नाहीत, मोलचे आहेत. इथे मी माझं ठरलेलं उदाहरण देते आणि इकडच्या मुलांना ते लगेच पटतं: कोल्हापूरहून बेळगावला रेल्वेने जायचंय, सरळ रूळ नाही, आधी मिरज जंक्शनला यावं लागतं मग पुढची गाडी. ग्रॅमकडून ग्रॅमकडे सरळ रूळ नाही. मोल हे मिरज जंक्शन.

खाण्याचा सोडा तापवला तर:

२ एनएएचसीओ३ → एनए२सीओ३ + एच२ओ + सीओ२

८.४ ग्रॅम सोडा तापवला. किती ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघेल?

सोड्याचं रेणुवस्तुमान २३ + १ + १२ + ४८ = ८४. म्हणजे ८.४ ग्रॅम सोडा = ०.१ मोल. आलो जंक्शनला. आता गाडी बदला: समीकरण म्हणतंय २ मोल सोड्याला १ मोल सीओ२, तर ०.१ ला ०.०५ मोल. आता पुढची गाडी: ०.०५ मोल गुणिले ४४ = २.२ ग्रॅम. संपलं.

बरेच जण मधल्या पायरीवर गाडी बदलायला विसरतात, म्हणजे ०.१ मोल घेऊन तसेच ४४ ने गुणतात आणि ४.४ लिहितात. पकडायचं कसं? बाकीचेही काढा. सोडियम कार्बोनेट ०.०५ गुणिले १०६ = ५.३ ग्रॅम, पाणी ०.०५ गुणिले १८ = ०.९ ग्रॅम. ५.३ + ०.९ + २.२ = ८.४. घातलं तेवढं निघालं. लॅव्हाझिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने अठराव्या शतकात तराजू हातात धरून हेच केलं आणि तुमच्या पुस्तकात त्याला द्रव्य अक्षय्यतेचा नियम म्हणतात. व्याख्या दोन मार्कांना लिहिता, मग स्वतःचं उत्तर तपासायला का वापरत नाही हे मला आजवर कळलेलं नाही. एक मिनिट लागतं आणि उत्तर बरोबर की चूक ते मला न विचारता कळतं.

लिमिटिंग रिएजंट. बस, एवढाच प्रश्न आहे.

हा प्रश्न खरंच एवढाच आला होता, पुढे काही नाही, एक रडणारा इमोजी.

उकडीचे मोदक. उकड काढली एकवीस पाऱ्यांची, सारण झालं पंधरा मोदकांचं. मोदक किती? पंधरा. उकड उरली, तिच्या निवग्र्या करा. सारण आधी संपलं म्हणून सारणाने मोदकांची संख्या ठरवली. जे आधी संपतं ते लिमिटिंग. आता यात महत्त्वाचं हे की कोणाचं वजन जास्त हे कोणी विचारलं का? नाही. किती मोदकांपुरतं आहे हे विचारलं.

४ ग्रॅम हायड्रोजन आणि १६ ग्रॅम ऑक्सिजन. पाणी किती? वरवर बघून सगळे म्हणतात हायड्रोजन कमी आहे, तोच संपणार. मोल काढा. हायड्रोजन ४ भागिले २ = २ मोल. ऑक्सिजन १६ भागिले ३२ = ०.५ मोल. समीकरण २ एच२ + ओ२ → २ एच२ओ. अर्ध्या मोल ऑक्सिजनला एकच मोल हायड्रोजन लागतो. म्हणजे वजनाला चौपट असलेला ऑक्सिजनच आधी संपला! पाणी १ मोल, १८ ग्रॅम. हायड्रोजन उरला १ मोल, २ ग्रॅम. बेरीज २०, घातलं ४ + १६ = २०. जुळलं.

वायूचं आकारमान काढताना एका पुस्तकात २२.४ लिटर, दुसऱ्यात २२.७. बरोबर कोण?

दोघेही. ० अंश सेल्सिअस आणि १ ॲटमॉस्फिअर दाब असेल तर एक मोल आदर्श वायू २२.४ लिटर. ० अंशच पण दाब १ बार धरला तर २२.७, कारण बार किंचित कमी आहे. आयुपॅकने (रसायनशास्त्राचे नियम ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) १९८२ पासून बार घ्यायला सांगितलं पण सवयी जात नाहीत. प्रश्नात दाब दिलाय का बघा, नसेल तर तुमच्या पाठ्यपुस्तकात जो आकडा आहे तो वापरा आणि उत्तरात "इतका दाब धरून" असं एक वाक्य लिहून टाका. वरच्या सोड्याच्या गणितात ०.०५ मोल सीओ२ म्हणजे २२.४ धरून १.१२ लिटर.

मोलॅरिटीचं उत्तर हजारपट चुकतंय

मिलिलिटर तसेच घातलेस. मोलॅरिटी म्हणजे मोल भागिले लिटर, २५० मिली म्हणजे ०.२५० लिटर. ४ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड (रेणुवस्तुमान ४०) म्हणजे ०.१ मोल, भागिले ०.२५, उत्तर ०.४ मोलर.

आणि लिटर कशाचे, द्रावणाचे. पाण्याचे नाही. "२५० मिली पाण्यात ४ ग्रॅम" आणि "४ ग्रॅम विरघळवून एकूण २५० मिली केलं" ही दोन वेगळी वाक्यं आहेत, प्रॅक्टिकलला आधी थोड्या पाण्यात विरघळवून मग खुणेपर्यंत भरतात ते यासाठीच.

दवाखान्यातलं सलाईन बघा, बाटलीवर ०.९ टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे १०० मिलीत ०.९ ग्रॅम मीठ, लिटरमधे ९ ग्रॅम. मिठाचं ५८.५. नऊ भागिले ५८.५, ०.१५४ मोलर. टक्क्यातून मोलॅरिटीत जायचं हे सगळ्यात सोपं गणित आहे, याच्यावर हात बसवा.

सामू (पीएच) कमी म्हणजे आम्ल जास्त, हे उलटं का?

कारण त्यात ऋण चिन्ह आहे. हायड्रोजन आयनांची (आयन म्हणजे प्रभार असलेला अणू) संहती, म्हणजे द्रावणातलं प्रमाण, १०^-२ असेल तर सामू २, १०^-५ असेल तर ५. घातांकातलं उणे काढून टाकलं की उरतो तो सामू. त्यामुळे संहती मोठी तर आकडा लहान. आणि एक घर सरकलं की दहापट, ३ सामूचं द्रावण ५ पेक्षा दुप्पट नाही, शंभरपट आम्लधर्मी. सोरेनसन या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने १९०९ मधे कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत ही पट्टी काढली, हो, बिअरवाली कार्ल्सबर्ग.

०.०१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल, सामू २. अकरावीवाल्यांसाठी सापळा: १०^-८ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा सामू ८ नाही. आम्ल टाकून पाणी आम्लारी (आम्लाच्या उलट) कसं होईल? एवढं विरळ झालं की पाण्याचे स्वतःचे १०^-७ आयन जास्त असतात, ते धरून उत्तर साधारण ६.९८ येतं. उत्तर लिहिल्यावर "असं होईल का" हा एक प्रश्न विचारला असता तर मार्क गेला नसता.

लिटमस नसेल तर घरी आम्ल-आम्लारी कसं ओळखायचं?

हळद. शर्टावर भाजीचा डाग पडला आणि साबण लावला की लाल होतो, तो डाग म्हणजे दर्शकच, रंग बदलून आम्ल की आम्लारी ते सांगणारा. पूर्वी हळदीला चुना लावूनच कुंकू करायचे, तेही हेच. लिंबू पिळलं की परत पिवळी. फक्त लक्षात ठेवा हळद आम्ल आणि उदासीन यातला फरक दाखवत नाही, दोन्हीत पिवळीच.

माझं उत्तर २९.३ आणि पुस्तकात २९.२५. चूक धरतील?

नाही धरणार, पण मधल्या पायऱ्यांत गोल करत बसू नका, शेवटी एकदाच करा. दुसरं कारण अणुवस्तुमान, कोणी क्लोरिन ३५.५ घेतं कोणी ३५.४५. प्रश्नात दिलेलं असेल तेच घ्यायचं, आपलं शहाणपण नको. बारावीच्या बोर्डात कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल असतं, त्यामुळे अकरावीपासूनच ते पुस्तक हाताळा. मी सांगते आणि कोणी ऐकत नाही, फेब्रुवारीत सगळे धावत येतात.

मराठी मीडियममधून अकरावीला आलो, काहीच कळत नाही

कळतं तुला, शब्द ओळखीचे नाहीत एवढंच. संयुजा म्हणजे व्हॅलन्सी, क्षपण म्हणजे रिडक्शन, आम्लारी म्हणजे बेस, अवक्षेप म्हणजे प्रेसिपिटेट, संहती म्हणजे कॉन्सन्ट्रेशन, मूलद्रव्य म्हणजे एलिमेंट. वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने कर, वर्गात नवा इंग्रजी शब्द आला की समोर मराठी लिही. दिवाळीपर्यंत पन्नास-साठ शब्द होतात आणि त्यानंतर पान उघडावं लागत नाही. सेमीची मुलं सुरुवातीला पुढे वाटतात पण त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना व्हॅलन्सी शब्द येतो आणि अर्थ विचारला की गप्प. तुला निदान संयुजा शब्दात "जोडणं" ऐकू येतं.

फोटो काढून ॲपला विचारलं तर चालतं का?

स्वतः तीन ओळी लिहिल्यावर चालतं. आणि ॲपचंही उत्तर वरच्यासारखं बेरीज करून तपासायचं, मी स्वतः पाहिलंय की समीकरण बरोबर आणि पुढचा भागाकार चुकीचा.

ताई, मला स्वतःला केमिस्ट्री येत नाही, मुलीला मदत कशी करू?

शेजारी बसा आणि प्रत्येक आकड्याला "काय?" एवढंच विचारा. ती म्हणेल शून्य पॉइंट एक. तुम्ही, काय? मोल. कशाचे? सोड्याचे. बस. तुम्हाला उत्तर माहीत नसणं उलट बरं आहे, आम्हा क्लासवाल्यांना माहीत असतं म्हणून आम्ही मधेच बोलतो.

घरी करून बघता येईल असं काही?

सोड्याचंच करा, पण मोठं माणूस जवळ हवं. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ८४ ग्रॅम खाण्याचा सोडा, स्टीलच्या भांड्यात (ॲल्युमिनियम नको), मध्यम आचेवर हलवत. मधे मधे पावडर उकळल्यासारखी हलते, तो वायू निघत असतो. गार झाल्यावर परत तोला. हिशोबाने ५३ ग्रॅम राहायला हवं. आम्ही केलं तेव्हा ५६ भरलं, कारण मुलांना घाई, पूर्ण तापलंच नव्हतं, परत गॅसवर ठेवल्यावर ५४ वर आलं. उरलेली पावडर खाण्याचा सोडा राहिलेली नाही, डब्यात परत टाकू नका, आईच्या ढोकळ्याची वाट लागेल.

बाथरूममधलं ॲसिड आणि ब्लीच मात्र कधीही एकत्र करायचं नाही, क्लोरिन वायू निघतो, यात गंमत नाही.

आमच्या बागेत बोर्डो (फवारायचं बुरशीनाशक) करतात. त्याचं गणित होईल का?

होईल की! हा प्रश्न तासगावच्या एका मुलाचा, आणि मला या यादीतला सगळ्यात आवडलेला. एक टक्का बोर्डो म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. साधं पुस्तकी समीकरण धरू, एका मोल मोरचुदाला एक मोल विरवलेला चुना. १००० भागिले २४९.५, चार मोल. चार मोल चुना म्हणजे साधारण २९७ ग्रॅम. म्हणजे शुद्ध चुना असता तर तीनशे ग्रॅममधे काम झालं असतं, मग किलोभर का घालतात? बाजारातला चुना शुद्ध नसतो, आणि मिश्रण थोडं आम्लारी ठेवायचंच असतं, कारण सुटं तांबं उरलं तर पानं करपतात. म्हणजे मोरचूद लिमिटिंग राहील याची शेतकरी मुद्दाम सोय करतो.

मी त्याला विचारलं, मोरचूद पूर्ण संपलं की नाही हे आजोबा कसं बघतात? म्हणाला विळा बुडवतात. स्वच्छ घासलेला लोखंडी विळा मिश्रणात धरायचा, तांबूस थर चढला तर अजून चुना घालायचा. म्हटलं दहावीचं पुस्तक उघड, विस्थापन अभिक्रिया काढ, लोखंडाचा खिळा आणि कॉपर सल्फेट. त्याने पान बघितलं आणि म्हणाला, मॅडम हे तर आजोबांचं आहे. मग पिंप प्लॅस्टिकचं का वापरतात हेही त्याचं त्यालाच कळलं.